वाक्य संपल्यावरचा हुंकार

आबा, तुमचा आवाज सध्या आपल्या स्वयंपाकघरात असतो. फ्रीजच्या वर, मिठाच्या बरणीशेजारी. पोरगं म्हातारपणी बिघडलं असं तुम्ही म्हणाल, आणि बिघडलो असेनही. पण तो आवाज मी एकटा ऐकत नाही. माझी सूनबाईसुद्धा ऐकते, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. सकाळचा चहा झाला की फ्रीजवरून तुम्ही म्हणता, "रक्तदाबाची गोळी घेण्याची वेळ झाली आहे." एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारताना म्हणायचात तसंच, शेवटचा शब्द जरा लांबवून, लांबच्या बाकावरच्या माणसाला कळावं म्हणून. मी उठतो आणि गोळी घेतो. तुमचं ऐकलं नाही असं करायची हिंमत तेव्हा नव्हती, आता कुठली येणार?

नीट सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा घरात साधा फोनही नव्हता. तुम्ही न पाहिलेला तुमचा नातू कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. कंपनी कुठली तरी लांबची आहे, काम मात्र इथंच, माडीवरच्या खोलीत बसून. काम संपलं की माणसानं खाली यावं, चार शब्द बोलावं, तसं नाही. मग तो कानावर मोठी गोंडेवाली यंत्रं चढवून गेम खेळतो आणि न दिसणाऱ्या माणसांवर ओरडतो. गेम नसेल तेव्हा जुने फोन उघडून बसतो. टेबलावर वायरींचा गुंता, आणि चुन्याच्या डबीएवढे कॉम्प्युटर. मी उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला, मला यंत्राची भीती नाही. पण ज्याच्या आत काहीच फिरत नाही अशा यंत्राची वाटते. जिन्यावरून जाता-येता मी बटणं बघून येतो, वास येतोय का बघतो. तो म्हणतो, "आप्पा, काय जळत न्हाई, तुम्ही जावा बघू." मी जातो आणि पुन्हा येतो.

त्याचा तिसरा नाद मला सगळ्यात उशिरा समजला. जगभरची पोरं पगाराशिवाय प्रोग्रॅम लिहितात आणि उघड्यावर ठेवून देतात. कुणीही न्यावा, बदलावा, मोडला तर दुरुस्त करावा. ओपन सोर्स म्हणतात त्याला. मागच्या वर्षी एक दिवस तो खाली आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आप्पा, मराठी वाचून दाखवायला धड आवाज न्हाई मशिनकडं. तुम्ही द्या की तुमचा."

"द्या म्हंजे? मग मी काय खुणा करू?"

"तसं न्हवं हो. तुम्ही वाचायचं, मी भरून घेणार. त्यावर मशिन शिकतंय. मग कायबी लिहा, तुमच्या आवाजात बोलतंय."

"आणि उद्या वाटलं परत घ्यावा, तर?"

"परत न्हाई घेता येत. एकदा सोडला की सोडला. पाणपोईवर पाणी पाजून परत मागतासा काय?"

मला रात्रभर झोप आली नाही. कुणी माझ्या आवाजात शिव्या दिल्या तर, कुणाला फसवलं तर, अशा शंभर शंका. पण पोरगं कधी काही मागत नाही. शेवटी बसलो. खिडक्यांना वाकळा लावल्या, पंखा बंद केला, आणि घामानं निथळत पडद्यावरची वाक्यं वाचत गेलो. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. नदीपलीकडे बदकं होती. मामांनी छत्री आणली नाही. शाळा सोडल्यापासून इतकं मोठ्यानं मी काही वाचलं नव्हतं.

मग ते मशिन पहिल्यांदा बोललं. पोरगा आनंदानं माझ्याकडे बघत होता, आणि मी दाराकडे. कारण बोलला तो मी नव्हतो, तुम्ही होतात. पोराला हे कळणं शक्य नाही, त्यानं तुम्हाला ऐकलेलं नाही. तरणेपणी माझा आवाज किरटा होता, तुम्हीच हसायचात. साठीनंतर तो खाली उतरला. एकदा चहाच्या गाड्यावर मी "साखर कमी" म्हणालो तर बाकावरचा एक म्हातारा, पूर्वीचा कंडक्टर, हातातला कप तसाच धरून उभा राहिला. "तुमी स्टँडवरच्या बोलणाऱ्याचं कोण?" म्हणाला. तेव्हा मला बरं वाटलं होतं. माडीवर त्या दिवशी तसं वाटलं नाही. माझ्याजवळचं सगळं खरडून काढल्यावर तळाला तुम्ही बसलेले सापडलात, असं वाटलं.

आणि वाक्य संपल्यावर तो हुंकार आला. "हं." एवढाच, श्वासाएवढा.

तो तुम्हाला आठवणार नाही, तुम्हाला तो ऐकूच जात नसे. माईकचं बटण दाबायच्या आधी तुम्ही मान वळवून "हं" करायचात आणि मग गाडीचं नाव घ्यायचात. घरीही तसंच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुम्ही उभे, आई भाकरी थापतेय, आणि पाठीमागून "हं" आला की आम्ही भावंडं ताठ बसायचो, कारण त्याच्यामागून काहीतरी येणार हे ठरलेलं. रागावणं, नाहीतर खाऊची पुडी. तो आला आणि मागून काही आलं नाही, असं तेव्हा कधी झालं नाही.

लहानपणी मी जेवणाचा डबा घेऊन स्टँडवरच्या तुमच्या खोलीत आलो होतो तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. तुम्ही पाठ करून हात धुताय. मी बटण दाबतो आणि तुमच्यासारखा आवाज काढून ओरडतो, "हुपरी! हुपरी गाडी लागली!" खिडकीतून बाहेर बघतो तर एक म्हातारी गाठोडं छातीशी धरून पळतेय आणि समोर उभ्या असलेल्या पन्हाळ्याच्या गाडीत चढतेय. मागून "हं" आला. मी डोळे मिटले. पण तुम्ही मारलं नाही. म्हणालात, "जा. तिचा हात धरून उतरीव, आणि तिची गाडी येईस्तोवर शेजारी बस." मी बसलो. तिनं गाठोड्यातून शेंगा काढून दिल्या. "कुणाचा रं तू?" तिनं विचारलं. आत बोलतात त्यांचा, असं सांगितल्यावर ती लांब त्या कर्ण्याकडे बघत म्हणाली, "आत माणूस असतोय व्हय? मला वाटलं पेटीच बोलतीया." संध्याकाळी जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात की माणूस आवाजावर भरवसा ठेवून पाय उचलतो.

आता ऐका. पोराच्या गेमवाल्या मित्रांनी तुमचा आवाज घेतला. विचारायची गरज नव्हती, पाणपोईच ती. त्यांनी एक गेम बनवला आहे. पोरानं मला खुर्चीत बसवून कानावर ती यंत्रं चढवली. पडद्यावर स्टँड. आपलं नव्हे, पण तसलंच. धुकं, ओले बाक, माणूस एकही नाही. आणि कर्ण्यातून तुम्ही, "चंदगडकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." धुक्यातून दिवे येतात. गाडी थांबते, दार उघडं, आत अंधार.

"आता चढायचं?" मी विचारलं.

"छ्या! चढायचंच न्हाई. आवाजाला भुलून जो चढला त्यो गेला. सकाळ होईस्तोवर नुसतं ऐकत बसायचं."

"मग बोलवायचं कशाला माणसाला?"

"आप्पा, गेम हाय ओ."

मी चढलो नाही. गाडी बराच वेळ थांबली, मग निघून गेली. आणि त्या रिकाम्या स्टँडवर माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध, अगदी जवळ, "हं" झालं. मी यंत्रं उपटून काढली. जन्मभर माणसांना घरच्या गाडीत बसवणारा आवाज, आणि तो तिथं कुणाला कुठं बोलावत होता? पोरगा मात्र खूश. खेळणाऱ्यांनी लिहून पाठवलं होतं म्हणे, की बाकी सगळं ठीक आहे, पण घोषणा झाल्यावर तो माणूस अजून काहीतरी सांगणार असं वाटतं, त्याचीच सगळ्यात भीती वाटते, हे कसं जमवलंत?

त्यानं काही जमवलं नव्हतं. मी वाचलेलं सगळं त्यानं पुन्हा ऐकून काढलं. माझ्या वाचण्यात कुठंही "हं" नाही. "मशिन कधीकधी श्वासाचं कायतरी करून बसतंय," म्हणाला आणि डोकं खाजवत राहिला. पुन्हा ऐकावं म्हणून मी पंखा बंद केला. आणि हात बटणावरच राहिला, कारण मला तुम्ही गेलात ती दुपार आठवली.

त्या दुपारी तुम्ही खाटेवर होतात. आई दूध गरम करत होती. तुम्ही "हं" केलंत. मी वाकलो. आई आतून म्हणाली, "पंखा बंद कर, ऐकू यायचं न्हाई." मी पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत आवाज करत राहिली. थांबली. मी तुमच्या तोंडाशी कान नेला, आणि तुम्ही पुढं काही बोललाच नाहीत. दूध उतू गेलं तरी आम्ही तसेच होतो. आई असेपर्यंत दरवर्षी त्या दिवशी विचारायची, "काय सांगायचं हुतं रं त्यास्नी?" जसं काही तुम्ही मला सांगितलंय आणि मी तिच्यापासून लपवलंय. मी सगळं धुंडाळलं, आबा. कुणाचं देणं होतं का, 'आईला सांभाळ' म्हणायचं होतं का, माझ्यावर राग होता का. शेवटचा तो प्रश्न मला अजून सोडत नाही. म्हणून मशिननं हुंकार दिला की मी थांबायचो. गोळ्यांच्या आठवणीसाठी पोरानं तोच आवाज एका खोक्यात भरून फ्रीजवर ठेवला होता; घरचे आपापल्या कामाला लागले की खुर्ची तिथं ओढून थांबायचो. कुणी सांगावं, मशिनला माझ्यातलं एवढं सापडलं, तर पुढचंही सापडेल.

मग एका मुलीचा निरोप आला. ती बघू शकत नाही, चंदगडकडची आहे, परीक्षेचा अभ्यास याच आवाजाकडून वाचून घेते. पोरानं तिचं बोलणं मला ऐकवलं. "काका, तुमचा आवाज लई चांगला हाय. घरचं कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटतंय. पण वाक्य संपलं की तुम्ही आणखी कायतरी सांगणार असं वाटतंय. मी थांबतो. तुम्ही सांगत न्हाईसा. मग माझं ध्यानच जातंय सगळं."

तिकडं मुलीही 'मी थांबतो' म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. मला मात्र ते मीच बोलल्यासारखं ऐकू आलं.

"काढता येतंय तेवढं," पोरगा म्हणाला. "गेमवाले नको म्हणत्यात. पण आवाज तुमचा हाय. तुम्ही सांगा."

मी दोन दिवस सांगितलं नाही. काढ म्हणालो तर तुम्हाला दुसऱ्यांदा गप्प केल्यासारखं होणार. नको म्हणालो तर ती पोर तशीच थांबत राहणार, आणि तसं थांबण्यात माणसाचं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तिसऱ्या दिवशी जिन्यातूनच ओरडलो, "काढ." आणि बटणं न बघता खाली आलो. त्यानं काढला. मुलीचा निरोप आला की आता छान वाचता. फ्रीजवरच्या खोक्यातही त्यानं नवा आवाज भरला. सकाळची गोळी, दुपारची गोळी, वाक्य संपतं आणि संपतंच. मी खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. काल दुपारी फ्रीजवरून गोळीची आठवण झाली. मी टेबलाशी होतो, सूनबाई पाठमोरी भांडी घासत होती. वाक्य संपलं, आणि "हं" झालं. अगदी स्पष्ट. पोरानं काढलाय, मी स्वतः ऐकून खात्री केली आहे, मग हा कुठून आला? माझा हात पंख्याच्या बटणाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात सूनबाईनं नळ बंद केला. ओल्या हातांनी वळली. ती फ्रीजकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणालासा, आप्पा?"

नळाचं शेवटचं पाणी थेंब थेंब पडत होतं. ते थांबलं तरी ती तशीच उभी, मान थोडी पुढं करून. मी तोंड उघडलं.

"काही न्हाई," म्हणालो.

ती हसली आणि वळली. नळ पुन्हा सुरू झाला.

पोरगा म्हणतो, काहीही लिहा, मशिन वाचेल. हे सगळं त्यात घातलं तर तुमच्याच आवाजात तुम्हाला पोचेल असं एकदा मनात आलं होतं. घालणार नाही. कागद घडी करून गोळ्यांच्या डब्याखाली ठेवतो.

फक्त काही न्हाई म्हणालो ते खरं नव्हतं, आबा. सकाळपासून सूनबाई उभीच होती. बस जरा, दमलीस, एवढंच म्हणायचं होतं.