भैरवसिंगाला प्रॉम्प्टर लागत नाही

१४ सप्टेंबर, रविवार
घरी आलो. नागपूरच्या दवाखान्यात बारा दिवस. बायपास. छाती मधोमध उघडून तारेने शिवली, पायातली शीर काढून हृदयाला लावली. डॉक्टरांच्या अटी: तीन महिने दोन किलोच्या वर वजन उचलायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची, मीठ कमी, रात्री नऊला झोप. शिवाय एका प्लास्टिकच्या यंत्राच्या नळीतून दिवसातून चार वेळा श्वास ओढायचा आणि त्यातल्या तीन गोळ्या वर उचलायच्या. मी सगळ्याला हो म्हणालो. डोक्यात एकच तारीख होती, २६ ऑक्टोबर. भाऊबीजेनंतरचा रविवार, आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. मंडईच्या नाटकात बावीस वर्षं सरदार भैरवसिंग मी केला. तेविसावं वर्षही मीच करणार.

१५ सप्टेंबर, सकाळी ७
पहिली गोळी वर गेली. दुसरी हलली. यंत्र सदोष दिसतं.

१८ सप्टेंबर
नाटक मंडळाचे अध्यक्ष केवळराम भेटायला आले. सफरचंदं आणली. या माणसाने बावीस वर्षांत मला साधा चहा पाजलेला नाही. मी तीस वर्षं एसटीत तिकिटं तपासली. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो आधी रामराम करतो, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तब्येतीची सगळी चौकशी केली, नाटकाबद्दल चकार शब्द नाही. जाताना ओसरीवर माझ्या बायकोशी, शकूशी, कुजबुजले. मला फक्त "आराम" एवढंच ऐकू आलं.
काहीतरी शिजतंय.

२२ सप्टेंबर
तलावाच्या पाळीवर चार फेऱ्या ठरवल्या होत्या. एक झाली. येणं-जाणं वेगळं धरलं तर दोन. शकू सोबत होती, तिच्या धरल्या तर चार.
वाटेत शेजारचा हेमराज भेटला. वय अठ्ठावीस, अड्याळला मोबाईलचं दुकान. नाटकात माझा शिपाई होतो. भाला धरून उभं राहायचं, एवढंच काम, तेही वाकडं करतो. म्हणाला, "काका, आवाज कसा आहे आता तुमचा?" माझ्या आवाजाशी याला काय करायचं आहे?

२ ऑक्टोबर, दसरा
ट्रंक उघडली. भैरवसिंगाचा अंगरखा नाही. शकू म्हणाली, धुवायला काढला. बावीस वर्षांत तो कधी धुतलेला नाही, नटाच्या घामाला मान असतो. हेमराजच्या मापाने कापायला दिला, हे उघड आहे. सोनं द्यायला तो आला तेव्हा मी आपट्याचं पान घेतलं, पण हसलो नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
शकू रोज चार ते पाच बाहेर जाते. विचारलं तर म्हणते भजन मंडळ. भजन मंडळ गुरुवारी असतं.

६ ऑक्टोबर
तांदळाच्या कोठीमागे वही सापडली. शकूचं अक्षर. भैरवसिंगाचे सगळे संवाद, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये मध्ये पेन्सिलीने लिहिलंय: "इथं श्वास", "इथं थांबा". म्हणजे माझीच बायको, माझ्याच घरात, हेमराजला माझा पार्ट शिकवते आहे. एवढा राग आला की खोकला सुरू झाला. टाके उसवतात की काय असं वाटलं. उशी आतल्या खोलीत राहिली होती. शकू धावत घेऊन आली आणि खोकला थांबेपर्यंत माझ्या छातीशी धरून बसली. तिचे हात थरथरत होते. गुन्हेगाराचे हात थरथरतातच.

१० ऑक्टोबर
केवळरामांना बोलावून सरळ विचारलं. म्हणाले, पार्ट तुमचाच आहे, पण यंदा नाटक दुपारी चारला. आणि भैरवसिंग सगळे प्रवेश सिंहासनावर बसून करणार. आणि तलवार थर्माकोलची.
चारला का? तर म्हणे रात्री लाईनचा भरवसा नाही, दिवे जातात. लाईनचा भरवसा कधी होता? तरी बावीस वर्षं नाटक रात्रीच झालं. चार वाजता अख्खं गाव बांधीत धान कापत असतं. मला रिकाम्या खुर्च्यांपुढे बसवून पुढच्या वर्षी सांगतील, तुमच्या नावाने आता माणसं येत नाहीत. थर्माकोलच्या तलवारीबद्दल तर काही लिहवत नाही.
रागाच्या भरात पापड खाल्ला. एकच. मग दुसरा, कारण पहिला मोडका होता.

१५ ऑक्टोबर
आता सगळं लक्षात आलं. सूत्रधार यादोराव आहे.
यादोराव म्हणजे शकूचा भाऊ आणि आमचा प्रॉम्प्टर. पडद्याआड स्टुलावर बसून वही वाचतो, नट ऐकतात आणि बोलतात. बाकीच्यांना तो लागतो. मला केवळ सवयीने लागतो. या आठवड्यात तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा शकूशी स्वयंपाकघरात बोलत बसला. डाव असा आहे: भर नाटकात मला चुकीचा संवाद द्यायचा, माझी फजिती करायची आणि हेमराजने भाला टाकून पुढे यायचं.
त्याला सांगून टाकलं, माझ्या प्रवेशात स्टुलावर बसायचं नाही, भैरवसिंगाला प्रॉम्प्टर लागत नाही. तो "पक्कं ना, भाऊजी?" म्हणाला. डाव उधळल्यावर चेहरा कसा होतो, ते पाहून घेतलं.

२० ऑक्टोबर
तिन्ही गोळ्या वर. यंत्र थोडं आडवं धरलं होतं, पण उभंच धरा असं डॉक्टरांनी कागदावर कुठे लिहिलेलं नाही.
संवाद तोंडपाठ. एकदा वहीत बघून म्हटले, एकदा न बघता. न बघता म्हणजे मनातल्या मनात.

२५ ऑक्टोबर
अंगरखा परत आला. समोरची बटणं काढून चिकटणारी पट्टी लावली आहे आणि आतून, टाक्यांच्या जागी, मऊ लुगड्याचं अस्तर. माप माझंच. हेमराजला झाला नसावा.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
चार वाजता मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. धान सोडून माणसं आली कशी, याचा तपास करावा लागेल. पडदा उघडला. मी सिंहासनावर. माझ्यामागे भाला धरून हेमराज. शेवटच्या प्रवेशापर्यंत मला "हूं" आणि "चालता हो" एवढंच आहे, ते दणक्यात झालं. मग भैरवसिंगाचं मोठं भाषण आलं.
"मला तुमची दया नको," मी म्हणालो. आवाज पार पानठेल्यापर्यंत गेला.
त्यापुढे काहीच नाही. पाटी कोरी. विंगेत पाहिलं तर स्टूल रिकामं, यादोराव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला. हेमराजकडे पाहिलं. त्याला घाम फुटला होता. त्याला एक अक्षर येत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. छातीत धडधडायला लागलं आणि मी खरोखर घाबरलो.
तेवढ्यात बायांच्या बाजूने मोठ्याने आवाज आला, "मला माझी तलवार द्या."
शकू उभी होती. पदर खोचलेला, हातात वही नाही. मी म्हणालो, मला माझी तलवार द्या. तिने पुढचं वाक्य दिलं, मी म्हटलं. असं शेवटपर्यंत. मला धाप लागेल तिथे ती आधीच थांबायची. टाळ्या खूप पडल्या, पण दर वेळी माझ्या वाक्याच्या आधी.

२७ ऑक्टोबर, दुपारी ३
केवळराम पेढे घेऊन आले. शकूला. पुढच्या वर्षी प्रॉम्प्टर तीच, असं मंडळाने ठरवलं म्हणे. भैरवसिंगाचं विचारलं तर म्हणाले, पाहू. संवादांची वही घेऊन गेले.
ते गेल्यावर शकूला विचारलं, हे सगळं कायले केलं. विळा शोधता शोधता ती म्हणाली, "यादोरावले आता बरोबर दिसत नाही. तो चुकला असता, म्हणून मी रोज चारले बाहेर जाऊन पाठ केलं. नाटक गेलं असतं त तुमी खाटेवरून उठलेच नसते."
चार वाजता नाटक ठेवायला कोणी सांगितलं, तेही विचारणार होतो. विचारलं नाही.
संकल्प: पुढच्या वर्षीही भैरवसिंग मीच. पाठांतर आजपासून. मोठ्याने, वहीशिवाय, प्रॉम्प्टरशिवाय.
सुरुवात. मला तुमची दया नको.
शकू बांधीत धान कापायला गेली आहे. पाचला येईल. आली की पुढचं विचारतो.