बाटलीचा श्वास

२ सप्टेंबर
दारू पकडायची नऊ यंत्रं तपासणीसाठी माझ्या टेबलावर. बाटलीत मद्यार्क मिसळलेलं कोमट पाणी, त्यातून हवा सोडायची, यंत्राने ठरलेला आकडा दाखवला की पास. बाटली मला आवडते — सबबी सांगत नाही.

आमच्या प्रयोगशाळेचे तुरारबेकसाहेब जेवून आले आणि पास झालेल्या यंत्रात स्वतःच फुंकले. आकडा आला! म्हणे यंत्र बिघडलंय. मिशीवर कुमिसचा फेस तसाच. चूळ भरा, पाव तास थांबा, परत फुंका, म्हटलं. शून्य. घोडीचं आंबवलेलं दूध, वाडगाभर प्यायलं तर तोंडातच रेंगाळतं. आमच्या नारिन शहरात पकडलेले ड्रायव्हर मात्र म्हणे बारा महिने कुमिसच पितात, हिवाळ्यात घोड्या आटल्या तरी.

४ सप्टेंबर
वाहतूक पोलिसांचे कप्तान आले. शनिवारी मुलाचं लग्न. तेवढ्यापुरती यंत्रं "जरा समजूतदार" करता येतील का? मेंढीची मांडी पाठवतो म्हणाले. नको म्हटलं.

५ सप्टेंबर
मांडी आलीच. परत पाठवली. आईने रात्री मुद्दाम नुसते बटाटे उकडले.

८ सप्टेंबर
उलान अडकला. माझा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवतो, माझी मुलगी ऐझादा त्याच बसने जाते — मामाच्या मागच्याच सीटवर. सकाळी डेपोत नर्सने फुंकायला लावलं, थोडासा आकडा आला. बसवरून उतरवलं.

"कुमिस गं ताई, एक वाडगा."

पाव तास थांबवलं नाही का, विचारलं. थांबवलं होतं. परत तोच आकडा.

"मग यंत्रच खराब असणार. तूच तपास ना. गेल्या हिवाळ्यात तुझ्यासमोर दारू सोडली, त्यानंतर थेंब नाही."

आई म्हणाली, भावाची नोकरी आता तुझ्या हातात.

आजवर किती ड्रायव्हरांना हसले मी! आणि आज स्वतः डेपोत फोन करून यंत्र मागवून घेतलं. यंत्र खराब असू दे. माझा विश्वास आहे त्याच्यावर.

९ सप्टेंबर
यंत्र आलं. जुनाट खोकं, कडा उडालेल्या, दोन वर्षं कुणी तपासलेलं नाही. इतका आनंद झाला की साहेबांनाही चहा पाजला. उलानला कळवलं, बहुतेक सुटलास. रडला फोनवर.

१० सप्टेंबर
उलान म्हणाला ते खरं. यंत्र खराबच आहे. तीनदा तपासलं — बाटलीत असेल त्याच्या निम्मंच दाखवतं.

उलान बसवर परतला तरी ऐझादाला उद्यापासून मी चालत नेणार.