मी पास केलेला मरून

मास्तर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज भांडायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात आम्हा म्हाताऱ्यांना बाकावर ओळीनं बसवलं, बाहुली मोठी व्हायला थेंबावर थेंब घातले आणि डोळे मिटून बसा म्हणाले. डोळे मिटले की माणूस बहिरा होतो असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक. माझा मुलगा शेजारीच उभा राहून आमच्या डाईंगमध्ये, सूत रंगवायच्या कारखान्यात, फोनवर सांगत होता, "अण्णांनी पास केलेला मरून रंग सुताला लावू नका. नेहमीसारखं करा, आणि त्यांना कळू देऊ नका."

नेहमीसारखं म्हणे. म्हणजे हे कालपरवाचं नव्हतं. आत नेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, घाबरू नका, बीपी वाढलंय. घाबरतंय कोण? मी तापलो होतो.

आता घरात कोंडलंय मला. डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, मिरचीचा ठसका लागेल म्हणून बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊ देत नाही. पट्टी निघाल्यावर मी पहिल्यांदा नमुन्याच्या सुताच्या लडी मागवल्या. माझा मरून मरून नव्हताच, चक्क वांगं होतं. मोतीबिंदूमुळं मला सगळंच मळकट पिवळं दिसायचं, म्हणून मी निळा वाढवा म्हणत गेलो आणि सगळे माना डोलवत गेले. मुलाला विचारलं तर म्हणतो, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, अण्णा."

आणि तुम्ही? मी तुमच्या हाताखाली नवा होतो, लडी पिळून हात सोलले होते. तुम्ही माझी पहिली लड उन्हात धरता, आणि अख्ख्या कारखान्यासमोर विचारता, "डोळं हाईत का बटनं लावल्यात रं?" लड परत रंगाच्या टाकीत. जेवायच्या सुट्टीत मात्र आपल्या डब्यातली भाकरी मोडून दिलीत आणि शिकवलंत, ओल्या सुतावर भुलू नको, वाळल्यावर बघ. त्या दिवशी रडलो, पण अपमान वाटला नाही. अपमान हा आहे. भट्टीपुढं उभा राहून मालक झालो, आणि माझ्याच डाईंगमध्ये मला नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं. माझी चूक माझ्या तोंडावर सांगायला एकाचीही जीभ रेटू नये? लाड कसले करता, मी काय आजारी पोर आहे?

आज सकाळी मुलगा हिरव्याचा नमुना घेऊन आला. पिवळा जास्त पडला होता, नव्या डोळ्याला लख्ख दिसलं. तसं सांगितलं. त्यानं एकदा लडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, बरं म्हणाला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.

डॉक्टरीणबाईंनी लिहू-वाचू नका म्हणून सांगितलंय, तरी काळा चष्मा लावून हे लिहितोय. धाडायचं कुठं, गादीखाली ठेवीन. एवढं फक्त तुम्हाला सांगतो, मास्तर. गॅलरी चार पावलांवर आहे, खिडकी उघडी होती, तो काय बोलतोय ते मला बसल्याजागी ऐकू आलं असतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.