सीटखालची तार

सोमवार, ४
लहानपणी वडिलांच्या गाडीत रेडिओ लागला, की ताई आवाज वाढवायची आणि मी कमी करायची. वडील म्हणायचे, दोघींना एकाच घरी द्यावं, भांडण घरातल्या घरात राहील. आज ताईच्या घरी राहायला आले आणि पहिलं तेच आठवलं. ती जाऊन दोन महिने झाले. गाडीतच, रस्त्याकडेला, स्टिअरिंगवर डोकं टेकून. डॉक्टर हृदय म्हणाले. हे घर वडिलांनी आम्हा दोघींच्या नावावर केलेलं. तिच्या मृत्युपत्रानुसार तिचा अर्धा भाग आता तिच्या यजमानांचा, माझ्या भावोजींचा; त्यांची एकुलती लेक लग्न होऊन दूर. त्यांनी आग्रहानं बोलावलं, वरची उजेडाची खोली दिली, ताईची गाडीही. किती माया! गाडीतला कंपनीचा स्टिरिओ तेवढा मुका आहे.

बुधवार, ६
गाडीचा वायरमन आला. तोंडाचा फटकळ, हाताचा नेमका. म्हणाला, मावशी, फ्यूज ठणठणीत, बॅटरी माझ्यापेक्षा तरुण, स्टिरिओपर्यंत करंट येतोय. पण आवाज निघतो अ‍ॅम्प्लिफायरमार्फत, आणि अ‍ॅम्प्लिफायर ड्रायव्हरच्या सीटखाली करंटवाचून उपाशी बसलाय. सीट काढावी लागेल. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, ही माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची शिकवण. मी भावोजींना विचारायला गेले. त्यांनी हसतच वायरमनला वाटेला लावलं. म्हणाले, या वयात गाणी कसली ऐकता?
संध्याकाळी मृत्युपत्राचा विषय निघाला. मला मूलबाळ नाही. माझा अर्धा भाग त्यांच्या नावे लिहून दिला.

शनिवार, ९
बाजारात जाऊन आले. डोकं फुटतंय, मळमळतंय. काचा बंद ठेवा, एसी लावा, धूळ येते, असं भावोजी रोज बजावतात. ताईनंही शेवटच्या फोनवर डोकेदुखीच सांगितली होती.
ते स्वतः या गाडीत कधीच बसत नाहीत. पावसातसुद्धा स्कूटर.

सोमवार, ११
भावोजी आंघोळीला गेले, तेव्हा सीटखालचा गालिचा उचलला. अ‍ॅम्प्लिफायरची जाड तार तुटलेली. तिच्या शेजारी गाडीच्या तळाला अंगठ्याएवढं भोक, नवं, कडेला काजळी. त्यात रबरी नळी. वाकून खालून पाहिलं, नळी सायलेन्सरला जोडलेली. भोक पाडताना तार कापली गेली असणार. म्हणून स्टिरिओ बंद.
धूर आत येतो. काचा बंद. ताई —

सोमवार, दुपारी
पाठीमागे बोलू नये, तोंडावर विचारावं, हेही सिस्टरांनीच शिकवलं. विचारलं मी. मूर्ख बाई! पोलिसांकडे जायचं सोडून विचारलं. त्यांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. मग म्हणाले, वर जाऊन पडा, तुम्हाला भास होतायत.

सोमवार, चार वाजता
दाराला बाहेरून कडी. फोन खालीच. खिडकीला गज.
खाली हत्यारांचा आवाज — तार जोडतायत. स्टिरिओ लागला. आवाज वाढवला, आणखी — आता मी ओरडले तरी शेजारी —

जिना चढतायत.
वही खिडकीतून खाली टाकते. ज्याला मिळेल त्यानं आधी पोलिसांना द्यावी. गाडीचा तळ बघा म्हणावं. बुधवारचा कागद रद्द. माझा अर्धा भाग भाचीला, ताईच्या लेकीला. कपाटातल्या बांगड्याही तिलाच. घड्याळ वायरमनला, त्याची मजुरी राहिलीय. पुस्तकं माझ्या शाळेला. आणि भावोजींना —