चार कोरे पंचनामे

वाघुळवाडी, जि. जालना
९ फेब्रुवारी २०२५

धुळाजी,

कडूबाचा रामराम. वाटूरला बहिणीकडे तुझं आणि तुझ्या बायकोचं, आशाबाईचं, बरं चाललं असेल असं धरून चालतो. पाय अजून ओढतोस असं कळलं. मंगळवारी पिंपळगावला रेणुकाईपुढे तुझं नाव घेतलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही.

इकडे हरभरा काढायला आलाय. यंदा रानात खतासाठी मेंढरं बसवायला तुमच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून माझ्याकडे कुणी आलं नाही.

शुक्रवारी गावात पोलिसांची बैठक झाली. पोलीस ठाण्याच्या नव्या मॅडम आल्या होत्या. लोकांनी पोलिसांना घाबरू नये, आपलं समजावं, असं मनापासून बोलल्या. लोक गोळा करायचं काम पोलीस पाटील म्हणून माझ्याकडे. वस्तीवरून एकटी तुझी चुलती झुंबरबाई आली, अन् खुर्ची सोडून खाली बसली.

"आता चोर आला तर आमी कुत्री सोडू," ती म्हणाली. "तुमाला बोलवायचं न्हाई. तुमी आल्यावर चोर ऱ्हातो अन् आमचंच माणूस जातं."

मॅडमनी विचारलं, काय झालं?

"या पाटलाला इचारा. धुळाजीच्या वाड्यात मेंढरांमागं चोरीची वायर सापडली म्हणून यानं सही केली. बराबर पाह्यली का यानं?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पाटील, तुम्ही पंच होतात ना? समोर सापडली ना वायर?"

मी "हो" म्हणालो.

धुळाजी, मी काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी गावातच नव्हतो, केदारखेड्याला मेहुण्याकडे गेल्तो.

आधीचे जमादार म्हणायचे, "पाटील, तुमच्या गावात पंच म्हणून कुणी उभं राहत न्हाई. दोन-चार सह्या करून ठेवा, माझी चक्कर वाचंल." मी चार कोऱ्या पंचनाम्यांवर सह्या करून दिल्या. बदल्यात एका फोनवर जीप यायची. गावाचा अन् पोलिसांचा भरवसा तो हाच, असं मला वाटायचं. गर्वच होता म्हण. मग विहिरींवरच्या मोटारींच्या वायरी चोरीला जाऊ लागल्या, गाव जमादारांच्या मागे लागलं, अन् त्यांनी माझ्या सहीच्या वर तुझं नाव लिहिलं.

हे मला आठ दिवसांतच कळलं होतं.

तू सात महिने आत होतास. जामीन राहायला कुणी आलं नाही. पाटलानं डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर कोण येणार? तुझी माय गेली तेव्हा तिरडीला मी खांदा दिला. झुंबरबाईनं हटकलं नाही. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

वीस तारखेला तालुक्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. खरं सांगायचं ठरवलंय. पाटीलकी जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. घरी दुर्गाबाईला हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "शुक्रवारीपण सांगता आलं असतं की."

तिचं खरं आहे. शुक्रवारी कुणी धमकावलं नव्हतं, तरी तोंडातून हो निघालं. कोर्टात खाकी कपडे समोर दिसले की तसंच होईल, याची भीती वाटते. म्हणून हे पत्र मिळाल्या मिळाल्या तुझ्या वकिलाकडे दे. माझी जीभ फिरली तर न्यायाधीशांपुढे मोठ्यानं वाचायला लाव. माझी गय करू नको.

माफी आज मागत नाही. वीस तारखेनंतर मागायच्या लायकीचा राहिलो तर वाटूरला येईन, दाराबाहेर उभा राहीन.

कडूबा अप्पाराव
पोलीस पाटील, वाघुळवाडी