खिळ्याला टांगलेली माळ

आणि तुम्ही तेव्हाही ऐकलं नाहीत, आबा. काविळीची माळ माणसाच्या डोक्यावर न ठेवता नुसती खिळ्याला टांगली तरी वाढते, हे मी सगळ्यांदेखत दाखवलं होतं. तुमच्याच हातची माळ, गोठ्यातल्या खिळ्याला आठवडाभर टांगलेली. टांगली तेव्हा वीतभर होती, काढली तेव्हा चांगली हातभर. ओल्या काड्यांचे तुकडे वाळून बारीक होतात, दोऱ्याचे फास ढिले पडतात आणि माळ लांबते. कावीळ उतरते म्हणून नाही. ओसरीवर माणसं बसलेली. तुम्ही माळ हातात घेतली, खालीवर पाहिली आणि म्हणालात, "मंग त्या खिळ्याला झाली असंल कावीळ." सगळे हसले. जिच्या नवऱ्याला माळ बांधायची होती ती बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. त्या वर्षी मी शाळा सोडली ती काही यामुळे नाही, पण तुमच्याशी बोलणं सोडलं ते यामुळेच.

आणखी एक. त्याच दिवशी जेवताना मी म्हणालो होतो, खोटंच करायचं तर निदान पैसे तरी घ्या, नुसत्या नारळावर कुठं घर चालतं? तुम्ही उष्ट्या हातानं थोबाडीत दिलीत. "पैसा घेतला की गुण जातो," म्हणालात. आईनं माझ्या गालावरची आमटी पदरानं पुसली. मला वाटायचं, तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तरी तुम्ही लोकांना फसवता. तुमचा खरंच विश्वास होता, हे डोक्यातच आलं नाही. बरे व्हायचे ते आपोआप बरे व्हायचे आणि नाव माळेचं व्हायचं. जे जायचे त्यांच्याबद्दल तुम्ही हळहळून म्हणायचात, "उशिरा आणलं." त्यांच्या घरचेही तेच म्हणायचे.

तुम्ही गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही. ढाबा झाला, कुरिअर झालं, इथं दिल्लीजवळ फरीदाबादला नटबोल्टची फॅक्टरी झाली. सध्या कुत्र्यांना अंघोळ घालायच्या दुकानात आहे. हसू नका, पगार वेळेवर मिळतो. दुकानात एक मॅडम यायच्या, मूळच्या पुण्याच्या. एक दिवस कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी काढून घ्यायला आल्या. कुत्र्याला गोचीड चावून ताप आलेला, डोळे आणि हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. फोनवर कुणाशी तरी मराठीत बोलताना रडत होत्या. मी म्हणालो, "रडू नका मॅडम, पाणी देऊ का?"

"अय्या, तू आपला आहेस? आणि इतके दिवस नुसतं 'जी मॅडम, जी मॅडम' करतोस!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "डॉक्टर ॲडमिट करा म्हणतो. लिव्हर आधीच खराब आणि हा रोज सुया टोचतोय यार. किती केमिकल घालायचं एवढ्याशा जिवात? तुमच्या गावाकडं काही असतं ना रे, नॅचरल?"

ॲडमिट करा, एवढंच म्हणायचं होतं. पण कितीतरी महिन्यांनी कुणी माझ्याशी मराठीत बोलत होतं, वर मला काहीतरी विचारत होतं. मी म्हणालो, "आहे ना. माझे वडील माळ बांधायचे. लांबलांबून लोक यायचे." हे सांगताना माझी मान ताठ झाली होती, आबा.

दुकानामागच्या कुंपणाच्या ओल्या काड्या तोडल्या. कोणत्याही चालतात, हे मला माहीतच होतं. फास मात्र तुमचेच, बोटं विसरली नव्हती. त्यांनी हजार रुपये हातात ठेवले आणि मी घेतले. पुढं दोन-तीन दिवसांत मोबाईलवर फोटो आला. माळ कुत्र्याच्या गळ्यातून छातीखाली लोंबतेय. "उतरतेय बघ! इंजेक्शन बंद केलं." मी काय केलं? हात जोडलेलं चित्र पाठवलं. 'इंजेक्शन बंद करू नका' हे चार शब्द लिहायला फोन पुन्हा उघडला, आणि ठेवून दिला.

कुत्रा त्याच आठवड्यात गेला. मग मॅडम दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांसमोर शिव्या देणार. त्या उरलेल्या बिस्किटांचा पुडा काउंटरवर ठेवला, दुसऱ्या कुत्र्यांना घाल म्हणाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "तू केलंस रे तुझ्या परीनं. आम्हीच उशीर केला." आणि मी म्हणालो, "हो, मॅडम." तुम्ही निदान खरं समजून म्हणायचात. मी खिळा पाहिलेला माणूस.

काल आईचा फोन आला. ताईच्या पोराचे डोळे पिवळे झालेत, अन्न ठरत नाही. "तू ये आन् माळ बांध. तुझ्या बापाचा गुण तुझ्या हातात असंल." मी म्हणालो, डॉक्टरकडे ने. तर म्हणाली, "लई शाना झालास दिल्लीला जाऊन." माळ खोटी आहे, असं तोंडावर आलं होतं. पण काड्या तोडून आणायचं काम जन्मभर तिनंच केलं, तिला कसं सांगू? मग मी म्हणालो, आबा स्वप्नात आले होते. म्हणाले, आता माळेत गुण राहिला नाही, पोराला तालुक्याला ने, रक्त तपासून घे. आई रडली. मग विचारलं, "अजून काय म्हणाले?" मी सांगितलं, उशीर करू नको म्हणाले. तासाभरात ती पोराला घेऊन एसटीत बसली. माझं तिनं ऐकलं नसतं. तुमचं ऐकलं.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहितोय. स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं, आबा. पोराच्या तपासणीला आईच्या खात्यावर पैसे टाकतोय, माळेचे हजार आणि माझ्या पगारातले दोन. तीन हजार.