ओल्या टोपल्या

सौंदड, १४ ऑक्टोबर १९३४

"सौंदडच्या शिंगाडेवाल्या भावांनो, गळ्याइतक्या पाण्यात तुम्ही उभे राहता आणि तुमच्या मालाचा भाव गोंदियाच्या गादीवर बसलेला कोरडा माणूस ठरवतो!"

हे वाक्य आज छोट्या रेल्वेगाडीतच सुचले. सभेची सुरुवात यानेच करायची. मला इथे बोलावले ते शिंगाडेवाल्यांचे पुढारी उदाराम यांनी. सर्वांनी मिळून दलालाविना माल विकावा, हे लोकांच्या गळी उतरवायचे आहे.

उतरलो तेव्हा मन प्रसन्न होते. धान पिवळे पडू लागले आहे. राहण्याची सोय धुरपताबाईंच्या घरी. घरात त्या, मुलगा चैतराम आणि नवी सून रुख्मा. चैतरामही बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, शिंगाडे काढतो. पाण्यावर पानांची हिरवी चटई पसरली आहे. इतके शांत पाणी मी पाहिले नव्हते. रुख्माने सूपभर ओले शिंगाडे पुढे ठेवले. साल दातांनीच फोडायची. मला जमेना, तर ती हसून म्हणाली, "भाषन देता येते, शिंगाडा सोलता येत नाही का जी?" धुरपताबाईंना दात नाहीत, म्हणून त्यांचे तेवढे वेगळे उकडतात.

१७ ऑक्टोबर

काल सभा झाली. बायकासुद्धा आल्या होत्या. दलालाकडे पडून माल सुकतो, काळा पडतो आणि मग तोच आपल्याला नावे ठेवतो, हे सांगताच लोक उसळले. काढलेला माल टोपल्यांसकट बोडीत बुडवून ठेवायची इथली जुनी रीत आहे. मी म्हटले, तसाच ठिबकता माल गाडीत घाला आणि गोंदियाच्या लोकांच्या हातात द्या. "ओला माल, खरा माल!" हा घोष माझा. सारे गाव तो म्हणत घरी गेले.

पहिल्या टोपल्या आज गेल्या आणि रिकाम्या परत आल्या. उदारामने मला मिठी मारली.

२० ऑक्टोबर

उदारामचा भाऊ मनिराम वांती-जुलाबाने गेला. सकाळी धडधाकट होता, दिवस मावळायच्या आत चिता पेटली. हैजाच, म्हणजे पटकी. सरकारी माणूस विहिरीत लाल दवा टाकून गेला. मी दारोदार फिरून पाणी उकळून प्यायला सांगितले. लोकांनी ऐकले. माझा शब्द मानतात.

मयताचे अंथरूण इथे वाहत्या पाण्यातच धुवायचे असते. यंदा नाला आटला आहे. म्हणून मोठ्या तलावातून धानाला सोडलेल्या पाटात बायका गोधड्या धूत होत्या. धुताना रडत होत्या. मला पाहवले नाही, मी माघारी फिरलो.

२२ ऑक्टोबर

आणखी घरे. विहिरीचे पाणी लाल आहे, घरोघर हंडे उकळतात, तरीही. लोक म्हणतात मरीमाय कोपली, तिचा गाडा शिवेबाहेर नेऊ. मी संतापून बोललो.

एवढे तरी बरे की टोपल्या रोज जातात. दुःखाच्या घरचे लोकही पाण्यात उतरतात. रुख्मा चैतरामबरोबर दिवसभर बोडीवर होती. भाकर नको म्हणाली. शिंगाड्यांवरच पोट भरले.

२३ ऑक्टोबर

रुख्मा गेली.

डोळे खोल गेले होते. बोटे सुरकुतली होती, जणू अजून पाण्यातच आहेत. पाणी मागायची, उकळलेले देत होतो, पोटात ठरत नव्हते. चैतराम तळवे चोळत होता. शेवटी सासूला एवढेच म्हणाली, "माय, तुमचे शिंगाडे उकडाचे राह्यले."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

२४ ऑक्टोबर

स्मशानातून पाटाच्या काठाने परतलो. पाट कुठे जातो हे मी कधी पाहिलेच नव्हते. धानातून वळतो आणि बोडीत पडतो. जिथे पडतो, तिथेच टोपल्या बुडवलेल्या —

उभा राहिलो.

या घरात आम्ही सर्व एकाच हंड्यातले पाणी प्यालो. रुख्मा गेली. चैतरामचे पोट बिघडले आहे. धुरपताबाई ठणठणीत. त्यांचे शिंगाडे उकडलेले.

विहिरीत दवा टाकली. बोडीत कोण टाकणार? ते पाणी कोणी पीत नाही. आपण फक्त साल दातांनी फोडतो —

मीही. कालपर्यंत.

आणि गोंदिया. रोज, ठिबकत्या —

२५ ऑक्टोबर

सभा बोलावली. पाट दाखवला, गोधड्यांची आठवण करून दिली. डोळ्यांना न दिसणारे जंतू सालीवर बसून जातात, हे सांगितले. उदाराम उठला. "तुमीच तं सांगतलं जी, ओला माल खरा माल! आता इकून राह्यला तं काऊन आडवे येता? दलालानं फितवलं काय?"

म्हटले, उकडून विका. कोणीतरी ओरडले, "उकडलेला शिंगाडा बुढ्याले!" लोक हसले. उदारामने टोपलीतला एक शिंगाडा उचलून माझ्यासमोर कडकन फोडला, खाल्ला. भावाच्या राखेला आठवडासुद्धा झाला नाही.

मग घोष सुरू झाला. माझाच. माझ्याच चालीवर.

घरी येताना पोटात कळ — दोनदा शौचाला बसलो —

२६ ऑक्टोबर

आवाज गेला. ओरडतो, पण धुरपताबाईंना ऐकू येत नाही. खुणा केल्या, त्यांनी पाणी आणले. त्यांना वाचता येत नाही. चैतरामला येते. तो राख सावडायला गेलाय —

बोटे सुरकुतली. रुख्मासारखी.

बाहेर बैलगाडी. टोपल्या भरताहेत. पाणी ठिबकतेय, इथवर ऐकू —

चैतराम, आलास की बसू नको. तसाच स्टेशनवर जा. उदाराम चिडेल, चिडू दे. गाडीपुढे आडवा हो. एकही टोपली डब्यात चढू देऊ नको. मोठा हंडा मांड आणि सगळे शिंगाडे उकळ—